सुट्टी आणि खाडा

आमच्या घरात लहानपणापासून दोन शब्द कानावर पडत आले. एक सुट्टी, दुसरा खाडा. वरवर पाहिलं तर दोन्हींचा अर्थ एकच, त्या दिवशी माणूस कामावर जात नाही. पण सुट्टीवाल्याच्या घरी त्या दिवशी दुपारची झोप असते आणि खाडेवाल्याच्या घरी हिशेब असतो. आमच्या घरी हिशेबच असायचा.

भिंतीवर कालनिर्णय टांगलेलं असे. आबा, म्हणजे माझे वडील, ज्या दिवशी कामावर जात नसत त्या तारखेभोवती पेन्सिलीने गोल करायचे. महिनाअखेर मुकादम पगार वाटायला बसला की तो आपल्या वहीत किती खाडे दाखवतो ते ताडून बघायला हे गोल उपयोगी पडत. तापाचा गोल, सोयऱ्याच्या मयताचा गोल, आवणीच्या दिवसांत शेतात थांबल्याचे चार-पाच गोल. हे सगळे काळ्या आकड्यांवर. वर्षात लाल आकड्यावर मात्र एक गोल ठरलेला असे, १४ एप्रिलचा. छापणाऱ्याने आकडा लाल छापला होता, कारण सरकारी सुट्टी. आबांनी त्याला गोल केला होता, कारण आमचा खाडा.

आमचं गाव बोईसरहून तारापूरकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत आहे. बाहेरचे लोक ‘तारापूर एमआयडीसी’ म्हणतात, पण कारखाने आहेत ते बोईसरच्या अंगणात. तारापूरला रेल्वे स्टेशन नाही, उतरायचं बोईसरलाच. माझ्या जन्माआधी, १९६९ साली समुद्राच्या अंगाला अणुवीज केंद्र सुरू झालं आणि मग इकडे सालवड, पास्थळ, कोलवडे, सरावलीच्या शेतांना लागून शेड उभ्या राहात गेल्या. कापडाच्या, रसायनांच्या, लोखंडाच्या. गावातली माणसं भाताच्या खाचरातून थेट पाळीवर गेली. सकाळी सातची पहिली पाळी, तीनची दुसरी, रात्री अकराची तिसरी. घड्याळ नसलेल्या घरांनाही भोंग्यामुळे वेळ कळू लागली.

आबा कापड रंगवायच्या एका कारखान्यात होते. पंधरा वर्षं एकाच गेटातून आत गेले, पण कागदावर ते त्या कारखान्याचे कधीच नव्हते, ठेकेदाराचे होते. ठेकेदाराचं नावही दर सात-आठ महिन्यांनी बदलायचं. माणूस तोच, मुकादम तोच, वही तीच. वहीच्या पुठ्ठ्यावर कधी त्याच्या मेहुण्याचं नाव, कधी भावाचं. आबांचे हात कधी हिरवे असत, कधी जांभळे. नखांच्या कडांतला रंग साबणाने जात नसे. तेरा एप्रिलच्या रात्री ते ओटीवर बसून लिंबाची फोड मिठात बुडवून बोटांवर घासत राहायचे. आई म्हणायची, “आता कातडं काढशील.” आबा म्हणायचे, “उद्या बाबासाहेबांच्या फोटोला हार घालायचाय. ह्या हातांनी?”

तेरा तारखेला आमच्या बौद्धवाड्यात कुणी झोपत नसे. वाडा बावीस घरांचा. वर्गणी घरटी ठरलेली, ज्याला जमणार नाही त्याने बांबू आणायचे, माडाच्या झावळ्या आणायच्या, नाहीतर रात्रभर पताका चिकटवायच्या. खळ आई करायची, मैद्याची, पातेलंभर. बोईसरच्या चाळींतून परभणी, नांदेड, बुलढाणा, जळगावकडचे कामगार यायचे. त्यांना गावी जाणं परवडत नसे, म्हणून आमचा वाडा तेच त्यांचं गाव. त्यांच्याकडे भीमगीतं म्हणायचा गळा होता, ढोलकी होती. आमच्याकडे जागा होती. बारा वाजले की मेणबत्त्या लागायच्या, त्रिशरण-पंचशील व्हायचं आणि म्हातारी माणसं एकमेकांना मिठी मारायची. सणाला मारतात तशी नव्हे. खूप दिवसांनी भेटलेल्या भावाला मारतात तशी.

आबा शिकलेले चौथी. पण जयंतीच्या सभेत ते एक गोष्ट दरवर्षी न चुकता सांगायचे. पहिली सार्वजनिक जयंती १४ एप्रिल १९२८ रोजी पुण्यात झाली, जनार्दन सदाशिव रणपिसे यांच्या पुढाकाराने. तेव्हा बाबासाहेब ३७ वर्षांचे होते आणि महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला जेमतेम एक वर्ष झालं होतं. “त्या टायमाला सरकार इंग्रजाचं. कुणी सुट्टी दिली व्हती? कुणी कागद काढला व्हता? माणसांनी काम सोडलं आन जमली.” एवढं बोलून ते खाली बसायचे. मला ते भाषण तेव्हा फार छोटं वाटायचं.

सरकारी कागद आमच्या वाड्यात पहिल्यांदा आला तो जन्मशताब्दीच्या वर्षात. १९९० च्या एप्रिलमध्ये बाबासाहेबांना मरणोत्तर भारतरत्न मिळालं, संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात त्यांचं तैलचित्र लागलं आणि १४ एप्रिल १९९० ते १४ एप्रिल १९९१ हे सामाजिक न्याय वर्ष म्हणून जाहीर झालं. मी तेव्हा सोळा-सतरा वर्षांचा. ग्रामसेवक स्वतः वाड्यात आले, चटईवर बसले, पाणी प्यायले. ग्रामपंचायतीने जयंती साजरी करावी असं वरून पत्र आलं होतं. त्यांच्या हातातला तो सायक्लोस्टाइल केलेला कागद वाड्यातल्या प्रत्येकाने हातात घेऊन पाहिला. वाचता न येणाऱ्यांनीसुद्धा.

त्या कागदाला मी हसणार नाही. आमच्या मिरवणुकीचा रस्ता तोपर्यंत वाड्यातून निघून देवळाच्या मागच्या बाजूने, शेताच्या बांधाने पाणंदीला लागत असे. मोठ्या आळीतून जायला कुणी उघड बंदी केली नव्हती. फक्त दरवर्षी दोन-तीन जाणती माणसं आदल्या दिवशी येऊन सांगायची, “आळीतून जायाचं तर जा, पण वाजप बंद ठेवा. उगाच पोरापोरांत नको.” आणि वाजप बंद ठेवून जाण्यापेक्षा आमची माणसं वाजवत बांधाने जायची. शताब्दीच्या वर्षी ग्रामपंचायतीचाच कार्यक्रम, सरपंच पुढे, तेव्हा मिरवणूक वाजत-गाजत मोठ्या आळीतून गेली. आळीतल्या एका भंडारी म्हातारीने ओटीवरून उतरून आमच्या गाडीतल्या तसबिरीला फूल वाहिलं. तिला कदाचित आधीही वाहायचं असेल. पण आधी तसबीर तिच्या दारावरून गेलीच नव्हती. आबा घरी आल्यावर म्हणाले, “कागदात ताकद हाय रे.”

पण कागद गावापर्यंत आला होता. कारखान्याच्या गेटापर्यंत आला नव्हता.

१९९१ चा १४ एप्रिल रविवारी आला, तो निभावला. १९९२ चा मंगळवारी आला. त्या आठवड्यात कारखान्यात परदेशी जाणाऱ्या मालाची घाई होती. मुकादमाने आठवडाभर आधीच सांगितलं, “चौदाला कुणी खाडा केला तर त्याने पंधराला येऊ नये.” आईने तेरा तारखेला दिवसभर आबांशी बोलणं टाकलं आणि रात्री खळ ढवळता ढवळता एकदम म्हणाली, “पोराची डीएडची फी भरायचीय जूनमधी. बाबासाहेब काय म्हनतील? शिकव म्हनतील का नाच म्हनतील?”

आबांनी लिंबू खाली ठेवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “नाचत कोन नाय. ते लोक हजेरी मांडतात ना, तशी आपली बी एक दिवस हजेरी मांडायची. येवढंच.”

दोघंही बरोबर होते. इतकी वर्षं झाली, मला अजून त्यांच्यातलं एक निवडता आलेलं नाही.

पंधरा तारखेला आबा सातच्या पाळीला गेले आणि आठ वाजता परत आले. वॉचमनने गेटातच टोकन मागून घेतलं होतं. त्यांच्याबरोबर आमच्या वाड्यातले आणखी दोघे आणि नांदेडकडचा एक. महिनाभर आबा बोईसरच्या नाक्यावर उभे राहिले. कधी रेतीची गाडी, कधी स्लॅबचं काम, कधी काहीच नाही. आई चिंचणीकडच्या वाड्यांत मिरचीच्या खुरपणीला जायला लागली. माझी फी आईच्या पाटल्यांवर भरली गेली. मे महिन्याच्या अखेरीला माणसं कमी पडली तेव्हा त्याच मुकादमाने निरोप पाठवला आणि आबा पुन्हा त्याच गेटातून आत गेले, वहीवर नवं नाव असलेल्या ठेकेदाराकडे, पहिल्या दिवसाचे कामगार म्हणून. यात आश्चर्य वाटण्यासारखं कुणालाच काही वाटलं नाही. पुढच्या वर्षी १४ एप्रिलला कॅलेंडरवर गोल पडलाच.

मी १९९६ साली जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक म्हणून लागलो. तेव्हा आम्ही ठाणे जिल्ह्यात होतो. पालघर जिल्हा पुढे १ ऑगस्ट २०१४ ला झाला. पहिल्या पगारातून मी मुंबईला चर्नी रोडच्या शासकीय ग्रंथागारात गेलो. महाराष्ट्र शासन १९७९ पासून बाबासाहेबांचं लेखन आणि भाषणं खंडाखंडाने छापत आलं आहे, हे मला डीएडला कळलं होतं. त्यातला दहावा खंड घेतला. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळत होते, त्या काळातली त्यांची भाषणं त्यात आहेत. पुस्तक इंग्रजी, जाडजूड. शताब्दीच्याच काळात, १९९१ मध्ये छापलेलं. चित्ररथ आणि कमानी कधीच मोडल्या होत्या, पण सरकारने त्या वर्षी केलेलं हे काम माझ्या पिशवीत होतं.

रात्री मी वाचायचो आणि आबांना मराठीत सांगायचो. आबा बिडी विझवून ऐकायचे. कारखाना कायद्यात १९४५ साली दुरुस्ती झाली आणि बारमाही कारखान्यात सलग वर्षभर काम केलेल्या कामगाराला पगारी सुट्टीचा हक्क मिळाला. १९४६ मध्ये आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आले. दोन्ही कामं बाबासाहेबांच्या खात्याची. मी हे सांगितलं तेव्हा आबा उठून बसले.

“परत सांग. पगारी सुट्टी?”

“हो.”

“त्यांनी आनली?”

“त्यांच्या खात्याने.”

आबा भिंतीकडे पाहायला लागले. तिथे कालनिर्णय होतं. मग हसले. “म्हंजे सुट्टी त्यांनीच दिली, आन त्यांच्याच वाढदिवसाला आपला खाडा!”

मी पुढचंही सांगितलं. पुढे कायद्यात असं आलं की वर्षात २४० दिवस हजेरी भरली की दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा. आबांनी बोटांवर मोजलं. सात महिने, आठ महिने. वहीवरचं नाव कधी कधी बदललं ते आठवलं. दोनशे चाळीस भरायच्या आत दरवेळी. “आपला ठेकेदार अडानी नाय बरं का,” ते म्हणाले. “तो बाबासाहेबांचा कायदा नीट वाचून बसलाय.”

सरकारने सुट्टी जाहीर केली तरी कारखाना का बंद राहत नाही, हे मला नोकरीत आल्यावर उलगडलं. दरवर्षी राज्य सरकार सार्वजनिक सुट्ट्यांची यादी काढतं ती परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ या कायद्याखाली. कायदा हुंड्या, चेक, वचनचिठ्ठ्यांचा. त्या दिवशी बँका बंद, सरकारी कचेऱ्या बंद, शाळा बंद. यंत्राला तो लागू नाही. कारखान्याच्या सुट्ट्या व्यवस्थापन आणि कामगार यांच्यात ठरतात. जिथे युनियन आहे तिथे करारात १४ एप्रिल घालून घेता येतो, आणि तसा घालून घेतलेलेही आहेत. पण करार कायम कामगारांचा. ठेक्यावरचा माणूस त्या टेबलाशी बसलेलाच नसतो. म्हणजे बाबासाहेबांच्या जन्माच्या दहा वर्षं आधीचा, इंग्रजांचा एक सावकारी व्यवहाराचा कायदा त्यांच्या जयंतीची सुट्टी कुणाला मिळणार ते ठरवतो.

अमेरिकेतल्या मार्टिन ल्यूथर किंग यांच्या सुट्टीविषयी वाचताना मला हेच आठवत होतं. किंग यांची हत्या ४ एप्रिल १९६८ ला मेम्फिस शहरात झाली. ते तिथे गेले होते सफाई कामगारांच्या संपाला पाठिंबा द्यायला. त्यांच्या नावाच्या सुट्टीचा कायदा व्हायला १९८३ साल उजाडलं, पहिली सुट्टी पाळली गेली १९८६ मध्ये, आणि सगळ्या राज्यांनी ती मान्य करायला २००० साल आलं. त्याआधी कित्येक कामगार संघटनांनी सरकारची वाट न पाहता आपापल्या करारांत तो दिवस मागून घेतला होता. तिथल्या सरकारने १९९४ पासून तो सेवेचा दिवस केला. लोकांनी घरी बसू नये, काहीतरी समाजकार्य करावं असा प्रचार असतो. वाचून मी मनात म्हटलं, आमच्याकडच्या कारखान्यातल्या माणसाला घरी बसू नका असं सांगायची वेळ अजून आलेली नाही.

आता शाळेचं सांगतो. माझी बरीच नोकरी रेल्वेलाइनच्या पूर्वेला, वारली पाड्यांवरच्या शाळांत झाली. १४ एप्रिलला सुट्टी असली तरी जयंती साजरी करायला शाळेत जायचं असतं. आधीपासून, म्हणजे ८ एप्रिलपासून सामाजिक समता सप्ताह. निबंध, वक्तृत्व, प्रभातफेरी. पूर्वी केंद्रप्रमुखांचं पत्र यायचं, आता मोबाइलच्या ग्रुपवर परिपत्रक येतं, प्रतिमापूजन करून छायाचित्रं संध्याकाळपर्यंत पाठवावीत. उन्हाळ्यात पाडा अर्धा रिकामा. माणसं वीटभट्ट्यांवर गेलेली, पोरं त्यांच्याबरोबर गेलेली. पंचवीस पटावर, सात-आठ समोर. ती सात-आठ पोरं फोटोत भरगच्च दिसावीत म्हणून कुठे उभी करायची, हे प्रत्येक मास्तरला पाठ असतं.

एका वर्षी हार घालून झाला, फोटो पाठवून झाले आणि कुणाची तरी आजी दारात उभी राहून विचारायला लागली, “ह्यो कोन बाबा? दरसाल याला हार घालतासा.” मी भाषण करणार होतो, पण चौथीतल्या एका मुलीने आधीच उत्तर दिलं, “आये, ह्यानी कागद लिवला. त्यात लिवलाय का आपली जमीन भायेरच्याला घेता नाय येत.” संविधानाची पाचवी अनुसूची मी तिला कधीतरी गोष्टीसारखी सांगितली होती. तिने सरळ जमिनीपर्यंत आणून ठेवली. पुढच्या आठवड्यात त्या पोरांनी शाळेच्या गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने बाबासाहेब काढले. दोन त्रिकोणांचा माणूस, डोळ्यांवर दोन गोल, काखेत एक चौकोन. भोवती तारपा वाजवणारा आणि फेर धरलेली माणसं. परिपत्रकात हे नव्हतं. पण परिपत्रक नसतं तर त्या दिवशी मी कुलूप लावून घरी असतो, हेही खरं.

२०१६ साली बाबासाहेबांच्या १२५ व्या जयंतीला सरकारने फार मोठा गाजावाजा केला. त्याच्या आधीच्या नोव्हेंबरपासून २६ तारखेचा संविधान दिन देशभर सुरू झाला होता, डिसेंबरात १२५ रुपयांचं स्मारक नाणं निघालं होतं. १४ एप्रिलला महूहून, म्हणजे बाबासाहेबांच्या जन्मगावाहून, ‘ग्रामोदय से भारत उदय’ नावाची मोहीम सुरू झाली ती २४ एप्रिलपर्यंत. शेवटच्या चार दिवसांत गावोगाव ग्रामसभा घ्यायच्या होत्या. आमच्या गावातही झाली. फ्लेक्स लागला, खुर्च्या आल्या. संविधानाची उद्देशिका वाचून दाखवली, योजनांची माहिती झाली. ‘आयत्या वेळचे विषय’ असं ग्रामसेवक म्हणाले, आणि मागच्या रांगेतून आबा उठले.

तेव्हा ते सत्तरीच्या पुढे होते. छातीत कफ घरघरायचा, उभं राहायला खुर्चीची पाठ धरावी लागायची.

“माझा एक इषय हाय. चौदा एप्रिलला सरकारी मानसाला पगारी सुट्टी भेटते. आपल्या गावातली पोरं एमआयडीसीत ठेक्यावर हायेत. त्यांना त्या दिवसाचा पगार भेटंल का?”

ग्रामसेवक नवे होते, चांगले होते. म्हणाले, “बाबा, हा विषय ग्रामसभेच्या कक्षेत येत नाही. कारखाने आपल्या हातात नाहीत.”

“हातात नाय ते मला ठाव हाय. मी मागत नाय, मी इचारतोय. लिवून घ्या.”

“लिहून काय होणार?”

“काय नाय झालं तर नाय. पन लिवा.”

सभा थोडी हसली. मग मोठ्या आळीतले एक जण, ज्यांचे वडील कधीकाळी वाजप बंद ठेवा म्हणून सांगायला येत, ते उठले आणि म्हणाले, “लिहा हो. माझाही पोरगा ठेक्यावरच आहे.” त्यांच्या मागून एक मांगेली बाई उठली, तिचे दोघे. मग वारली पाड्यावरचे तिघे-चौघे. हसणं थांबलं. ग्रामसेवकांनी इतिवृत्तात लिहिलं आणि वाचून दाखवलं, ‘दिनांक १४ एप्रिल रोजी औद्योगिक क्षेत्रातील ठेका कामगारांना पगारी सुट्टी मिळावी अशी मागणी ग्रामस्थांनी केली.’ आबांनी अंगठा नाही, सही केली. चौथीतली, अक्षराअक्षरावर टेकत जाणारी.

२०१८ च्या पावसाळ्यात आबा गेले.

माझा भाचा आता ठेक्यावर आहे. दुसऱ्या कारखान्यात, दुसऱ्या ठेकेदाराकडे. आता वही नाही, बोट ठेवायचं यंत्र आहे. पीएफ कापतात, पगार बँकेत येतो. बदललं नाही असं कोण म्हणेल? पण १४ एप्रिलला गेलं नाही तर त्या दिवसाचा पगार नाही आणि महिन्याचा हजेरी भत्ताही जातो. २०२५ च्या मार्चअखेर केंद्र सरकारने १४ एप्रिलला सार्वजनिक सुट्टी जाहीर केली, तेव्हा सगळ्या ग्रुपवर निळ्या रंगातल्या शुभेच्छा फिरायला लागल्या. मी त्यालाही पाठवली. त्याचं उत्तर आलं, “मामा, सोमवार आहे. माझी फर्स्ट शिफ्ट.”

तरी तो रात्री मिरवणुकीत होता आणि दिवसाही होता. मी विचारलं तेव्हा कळलं, त्यांनी आपापसात एक कॅलेंडर केलंय. १४ एप्रिलला त्याची पाळी बिहारकडचा एक जण करतो. त्याच्या बदल्यात छठला भाचा त्याची करतो. शिमग्याला वारली पोरांची पाळी बाकीचे ओढतात, ईदला आणखी कुणाची. सुपरवायझरला डोकी मोजून भरली की झालं. ऐकायला फार छान वाटतं, आणि आहेही छान. पालघरच्या हुतात्मा चौकात दर १४ ऑगस्टला १९४२ च्या पाच हुतात्म्यांसाठी माणसं जमतात, तसंच हे. माणसांनी आपलं आपण ठरवून पाळायचं. पण दुसऱ्याची पाळी ओढायची म्हणजे आपली आठ तासांची झाल्यावर त्याची आठ तासांची. कामाचे तास ४८ वर आणणाऱ्या माणसाच्या जयंतीसाठी भाचा एक दिवस सलग सोळा तास रसायनाच्या वाफेत उभा राहतो. दुसऱ्या दिवशी त्याचे डोळे लाल असतात. माझी बहीण त्याला काही बोलत नाही. फक्त ताटात वाढताना भांडी जरा आपटते, आई आपटायची तशीच.

गेल्या दिवाळीनंतर तो आणि त्याच्याबरोबरची पोरं माझ्याकडे अर्ज लिहून घ्यायला आली. पुढच्या वर्षीच्या सुट्ट्यांची यादी डिसेंबरात फलकावर लागते, त्याआधी द्यायचा होता. मागणी साधी, सणांच्या पगारी सुट्ट्यांत १४ एप्रिल घ्यावा आणि तो ठेक्यावरच्यांनाही लागू करावा. जास्तीचा दिवस मागितलेला नाही, त्याऐवजी कोणता सोडायचा तेही लिहिलंय. खाली एकेचाळीस सह्या. मराठी, हिंदी, दोन ओडिया अक्षरांतल्या. अर्ज कारखान्याच्या ऑफिसात दिला तर ते म्हणाले, ठेकेदाराकडे द्या. ठेकेदार म्हणाला, कंपनीचा विषय आहे. पोरांनी दोन प्रती काढल्या आणि दोघांनाही पोच मागून दिल्या. पोच मिळाली. यादी लागली, त्यात १४ एप्रिल नव्हता. पोरं म्हणाली, पुढच्या डिसेंबरात परत देऊ, सह्या वाढवून.

अर्जाला सोबत काहीतरी जोडायला हवं, नुसता अर्ज बरा दिसत नाही, असं भाच्याचं म्हणणं. मी ग्रामपंचायतीत जाऊन फी भरून नक्कल काढून आणली. अर्जाच्या तळाशी डाव्या बाजूला त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिलं, ‘सोबत : एप्रिल २०१६ च्या ग्रामसभेच्या इतिवृत्ताची प्रत, एक.’